ट्यूबवरचे ७२ तास संपले, तरी पट्टी पॉझिटिव्ह: मोजायचं कुठून आणि कसं?

गोठा_नोंदवही

कासदाहाची केस. मागच्या उजव्या सडात अँपिसिलिन-क्लॉक्सासिलिनची ट्यूब. लेबलवर छापलंय: दर १२ तासांनी एक, अशा ३ ट्यूब, शेवटच्या ट्यूबनंतर ७२ तास दूध बंद. प्रत्यक्षात ५ ट्यूब गेल्या आणि पहिले तीन दिवस स्नायूत प्रोकेन पेनिसिलिनही दिलं गेलं. शेवटच्या ट्यूबपासून ७२ तास मोजून पुढच्या धारेची बीटा-लॅक्टम पट्टी (पेनिसिलिनच्या कुटुंबातलं औषध दुधात उरलंय का ते दाखवणारी) लावली, तर पॉझिटिव्ह. ८४ तासांनाही पॉझिटिव्ह. दुधातल्या गाठी गेल्या आहेत, ताप नाही, दूध दिसायला स्वच्छ आहे.

विचारायचं ते असं:

१) जादा ट्यूब गेल्या तर वाढीव तास काढायचे कसे?
२) बाकीच्या तीन सडांत औषध सोडलेलं नाही. त्यांचं दूध वेगळं काढून घालता येईल का?
३) पट्टी निगेटिव्ह आली की तास न बघता दूध सुरू केलं तर चालेल का?
४) दूध उकळल्याने किंवा पाश्चराइझ केल्याने काही फरक पडतो का?

कास_क्लिनिक

पहिली जादा ट्यूब गेली त्याच क्षणी ७२ हा आकडा बाद झाला. तो आकडा औषधाचा नसतो, अख्ख्या कृतीचा असतो. हेच उत्पादन, एवढीच मात्रा, याच वाटेने, इतक्याच अंतराने, इतक्याच वेळा, याच प्रकारच्या जनावराला: हे सगळं तंतोतंत पाळून काही जनावरांच्या दुधाच्या धारेमागून धारा तपासलेल्या असतात आणि त्यातून संख्याशास्त्राने ती वेळ काढलेली असते. ती सरासरी गाईची वेळ नसते. युरोपच्या पद्धतीत ९५ टक्के जनावरं दुधातल्या औषधाच्या कायदेशीर मर्यादेखाली आली आहेत हे ९५ टक्के खात्रीने म्हणता येईल तो बिंदू धरतात. अमेरिकेत ९९ टक्के जनावरं धरतात. म्हणजे सावकाश औषध बाहेर टाकणाऱ्या गाईचीही सोय त्यात असते, पण तुम्ही कृती बदललीत तर ती सोय कुठल्या कुठे जाते.

आता गणित. सोयीचे आकडे घेऊ. दुधात सुरुवातीला लिटरला १६,३८४ मायक्रोग्रॅम औषध आहे, ते दर ६ तासांनी निम्मं होतंय आणि आपल्याला ४ मायक्रोग्रॅमवर यायचंय. १६,३८४ चे १२ वेळा निम्मे केले की ४ उरतात. १२ गुणिले ६, म्हणजे ७२ तास. आता मात्रा दुप्पट केली तर एकदा जास्त निम्मं करावं लागेल, म्हणजे ७८ तास. फक्त सहा तासांची वाढ! त्यामुळे ‘दोनच ट्यूब जास्त गेल्या, किती फरक पडणार’ असं वाटतं.

फरक दुसरीकडे पडतो. निम्मं व्हायला ६ ऐवजी ९ तास लागायला लागले, तर तेच १२ टप्पे १०८ तासांवर जातात. मात्रा वाढली की तासांत बेरीज होते, निम्मं होण्याचा वेग मंदावला की गुणाकार होतो. आणि वेग मंदावायला कारणं भरपूर: सुजलेल्या सडातून धार पूर्ण निघत नाही, दूध कमी झाल्यामुळे औषध धुऊन जात नाही, जनावर पाणी कमी पितं, ताप आणि विषबाधेने यकृत-मूत्रपिंडाचं काम ढेपाळतं. कासदाहाच्या गाईत यातली दोन-तीन कारणं एकदम हजर असतात. प्रत्यक्षात उतरण एका सरळ रेषेतही होत नाही. सुरुवातीला भराभर उतरतं आणि मग तळाशी एक लांब शेपूट राहते. आपली मर्यादा नेमकी त्या शेपटीत असते.

त्यात तुम्ही स्नायूत प्रोकेन पेनिसिलिन दिलंय. प्रोकेन जोडलेलं पेनिसिलिन मुद्दाम सावकाश विरघळावं म्हणूनच बनवलेलं असतं. स्नायूत साठा राहतो आणि तिथून ते रक्तात झिरपत राहतं. त्याची उतरण शरीर किती वेगाने टाकतं यावर ठरत नाही, साठा किती वेगाने रिकामा होतो यावर ठरते. दोन्ही औषधं एकाच कुटुंबातली आणि दोन्ही दुधात उतरणारी. म्हणून ‘ट्यूबचे ७२ आणि इंजेक्शनचे अमुक, त्यातला मोठा आकडा घ्या’ हा नेहमीचा नियम इथे अपुरा आहे. तो नियम प्रत्येक औषध लेबलप्रमाणे दिलं असेल आणि दोन्ही वेगळ्या गटांतली असतील तेव्हाचा.

प्रश्न १ चं थेट उत्तर. जादा ट्यूबमागे अमुक तास, असं सूत्र अस्तित्वात नाही. उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाने नवीन वेळ लेखी द्यायची असते. युरोपच्या पशुऔषधांच्या २०१९/६ या नियमात लेबलाबाहेरच्या वापरासाठी किमान पायरी दिली आहे: लेबलवर दुधाची वेळ असेल तर तिची दीडपट, आणि ते औषध दूध देणाऱ्या जनावरांसाठी मंजूरच नसेल तर किमान ७ दिवस. तुमच्या केसमध्ये ७२ ची दीडपट, म्हणजे १०८ तास. ट्यूब आणि इंजेक्शन यांपैकी जे शेवटी दिलं गेलं तिथून मोजायचे. तेही किमान. १०८ तासांनंतर लागोपाठच्या दोन धारांची, त्या एकट्या गाईची, पट्टी निगेटिव्ह आली तरच कॅनमध्ये.

प्रश्न २: नाही. चारही सडांचं दूध बाद. स्नायूतलं पेनिसिलिन रक्तातून चारही सडांत जातं, यात वादच नाही. नुसती ट्यूब असती तरी औषधाचा काही भाग रक्तात शोषला जातो आणि शेजारच्या सडांत थेंबभर तरी उतरतो. मर्यादा लिटरला मायक्रोग्रॅमच्या हिशेबात असताना थेंबभर पुरे होतो.

किती पुरे होतो, ते एकदा कागदावर मांडून बघा. एका ट्यूबमध्ये १ लाख आययू (औषध मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) प्रोकेन पेनिसिलिन आहे असं धरा, म्हणजे पेनिसिलिनच्या हिशेबात साधारण ६० मिलिग्रॅम. त्यातलं निम्मं पुढच्या धारेत बाहेर आलं असं समजू: ३० मिलिग्रॅम, म्हणजे ३०,००० मायक्रोग्रॅम. लिटरला ४ मायक्रोग्रॅम या पेनिसिलिनच्या मर्यादेने भागा. ७,५०० लिटर दूध मर्यादेवर पोचवायला एका गाईची ती एक धार बस्स आहे. आणि धार टाकीत गेलीच नाही, फक्त दूधयंत्राच्या क्लॉत (चारही सडांचं दूध जिथे एकत्र येतं तो भाग) आणि नळीत १०० मिलि उरली, तर? वरच्या गणितातल्या लिटरला साधारण १६ मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्या १०० मिलिमध्ये १,६०० मायक्रोग्रॅम असतं. ४०० लिटरची वाट लागली. म्हणून उपचार चालू असलेल्या गाईची धार सगळ्यात शेवटी, वेगळ्या बादलीत, आणि नंतर यंत्र पूर्ण धुऊन. ‘मध्येच काढू, नुसतं पाणी फिरवू’ इथेच गाडी घसरते.

प्रश्न ४: उकळून काही साधत नाही. पाश्चरायझेशनच्या ७२ अंश आणि १५ सेकंदांत पेनिसिलिनला जवळजवळ धक्काही लागत नाही. उकळल्याने थोडं कमी होतं, भरवसा ठेवण्याइतकं नाही. गोठवल्याने तर काहीच होत नाही. विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलससारख्या जिवाणूंना मात्र ते लगेच कळतं. दही लागत नाही, चीजचं आम्ल वाढत नाही. दूधप्रक्रियावाले अवशेषांबाबत इतके हळवे असण्याचं पहिलं कारण आरोग्य नसतं, विरजण असतं.

प्रश्न ३ लॅबवाल्यांसाठी सोडतो.

पट्टी_आणि_पेट्री

प्रश्न ३: नाही चालणार. पट्टी जे बघायला बनवलेली आहे तेवढंच बघते. बीटा-लॅक्टम पट्टीवरचा ग्राहक-प्रथिनाचा सापळा पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गट पकडतो. त्याच गाईला दाहशामक, टेट्रासायक्लिन किंवा जंतनाशक दिलेलं असेल तर पट्टीला त्याचा पत्ताही नसतो. तासांनंतर वर एक खात्री म्हणून पट्टी वापरा. तासांच्या ऐवजी नको.

उलट बाजूही बघा. पॉझिटिव्ह पट्टी म्हणजे मर्यादा ओलांडली असंच नसतं. युरोपच्या यादीत दुधातल्या मर्यादा, किलोला मायक्रोग्रॅममध्ये: पेनिसिलिन-जी, अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ४, क्लॉक्सासिलिन ३०, सेफक्विनोम २०, सेफ्टिओफर १००, ऑक्सिटेट्रासायक्लिन १००. एकाच कुटुंबात ४ पासून १०० पर्यंत अंतर आहे, आणि पट्टी एकच. काही औषधांच्या बाबतीत औषध मर्यादेच्या बरंच खाली असतानाच ती रेघ पुसते, म्हणजे पॉझिटिव्ह दाखवते. तुमच्या गाईत तीन बीटा-लॅक्टम आहेत, त्यांतल्या दोघांची मर्यादा ४. कोणतं उरलंय ते पट्टी सांगणार नाही, ते एलसी-एमएस-एमएसवरच (प्रत्येक औषध वेगळं ओळखून मोजणारं लॅबमधलं यंत्र) कळतं. दूध घेणारा मात्र पट्टीवरच निर्णय घेतो, त्यामुळे व्यवहारात पट्टी हीच मर्यादा.

पेनिसिलिनचा ४ हा आकडा इतका खाली का, याचं कारण विषारीपणा नाही, अ‍ॅलर्जी आहे. एफएओ-डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीने १९९० मध्ये पेनिसिलिनसाठी माणशी दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या खाली राहा असं सांगितलं, कारण संवेदनशील माणसाला त्याहून थोड्या जास्त मात्रेतही पुरळ उठल्याच्या नोंदी होत्या. युरोपात मर्यादा ठरवताना एका माणसाचं रोजचं ताट असं धरतात: ३०० ग्रॅम स्नायू, १०० ग्रॅम यकृत, ५० ग्रॅम मूत्रपिंड, ५० ग्रॅम चरबी, दीड लिटर दूध, १०० ग्रॅम अंडी, २० ग्रॅम मध. दुधाला दीड लिटर धरलं की ४ मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने ६ मायक्रोग्रॅम होतात, बाकीचा वाटा मांसाला उरतो.

रंग बदलणारी जिवाणू चाचणी (डेल्व्होटेस्टच्या जातीची) वापरत असाल तर तिचा स्वभाव वेगळा. आगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू असतात. ६४ अंशांवर अडीच-तीन तास ठेवलं की ते वाढून आम्ल करतात आणि जांभळा रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला तर दुधात काहीतरी त्यांना अडवतंय. ‘काहीतरी’ हा शब्द महत्त्वाचा. ते बीटा-लॅक्टम असेल, सल्फा असेल, किंवा औषध नसलेलंही काही. क्विनोलोन गट मात्र या चाचणीला जवळजवळ दिसतच नाही. त्याच गटातलं एन्रोफ्लॉक्सासिन दिलेल्या गाईचं दूध पिवळं झालं म्हणून सुटलो, असं समजू नका.

खोटे पॉझिटिव्ह प्रामुख्याने एकट्या गाईच्या नमुन्यात येतात, कारण या चाचण्या मिश्र दुधासाठी जुळवलेल्या असतात. चिकात आणि कासदाहाच्या दुधात लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही गाईची स्वतःची जिवाणूरोधक प्रथिनं भरपूर असतात, आणि ती बीजाणूंना अडवतात. ओळखायची युक्ती: नमुना ८० अंशांवर १० मिनिटं ठेवून, गार करून, पुन्हा चाचणी लावा. नैसर्गिक प्रथिनं मोडतात, औषध बहुतांशी टिकतं. गरम केल्यावर पिवळा झाला तर बहुधा गाईचंच होतं, जांभळा राहिला तर औषध.

दुसरी युक्ती पेनिसिलिनेझची: नमुन्यात ते विकर घालायचं, पॉझिटिव्हचा निगेटिव्ह झाला तर पेनिसिलिन गट. पण तुमच्या ट्यूबमध्ये क्लॉक्सासिलिन आहे. ते स्टॅफिलोकॉकसच्या पेनिसिलिनेझला दाद देऊ नये म्हणूनच घडवलेलं औषध. त्यामुळे इथे पेनिसिलिनेझ घालूनही पॉझिटिव्ह राहिला, तर ‘बीटा-लॅक्टम नाही’ असा निष्कर्ष काढू नका. या ट्यूबच्या बाबतीत ही युक्ती हमखास फसवते.

नमुना घेताना: धार पूर्ण काढून, चारही सडांचं दूध एकत्र ढवळून मग. सुरुवातीच्या चार पिचकाऱ्या बाटलीत धरून आणलेला नमुना काहीच सांगत नाही.

शव_तपासणी

सगळं दुधावरच चाललंय. याच गाईला उद्या कत्तलीला पाठवायची वेळ आली तर मांसाची वेळ वेगळी असते आणि ती दुधापेक्षा खूप लांब असू शकते. दूध सुटलं म्हणून मांस सुटलं, ही समजूत फार महाग पडते.

मांसात तीन ठिकाणं त्रास देतात. पहिलं, सुई टोचलेली जागा. २० टक्के लाँग-अ‍ॅक्टिंग (एलए, जास्त काळ टिकणाऱ्या) ऑक्सिटेट्रासायक्लिनची मात्रा किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोला १ मिलि. ४०० किलोच्या जनावराला ४० मिलि होतात. एका जागी १० मिलिपेक्षा जास्त घालू नये, म्हणजे चार जागा. चौघांचं काम दोघांत उरकलं की स्नायूत मोठं डबकं साचतं, भोवती सूज येऊन ती जागा घट्ट होते, रक्तपुरवठा तुटतो आणि औषध तिथेच अडकून बसतं. अशा जनावराचे लेबलवरचे २८ दिवस संपले तरी त्या जागेचा मांसाचा तुकडा मर्यादेबाहेर सापडू शकतो. आणि सुई मानेत द्या. मांडीत दिली की डबकं सगळ्यात महागड्या भागात.

१० टक्क्यांचं साधं ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि २० टक्क्यांचं एलए यांचं औषध एकच, वेळ मात्र वेगळी. नोंदवहीत नुसतं ‘ऑक्सी दिलं’ असं लिहून ठेवलं तर नंतर कुणालाही तारीख काढता येत नाही.

दुसरं, मूत्रपिंड. अमिनोग्लायकोसाइड गट (जेंटामायसिन, निओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन) मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींत घट्ट धरून बसतो. रक्तातून दोन दिवसांत गेलेला असतो, तिथून महिनोन् महिने जात नाही. अमेरिकेत १९८२ पासून चालणारी फॅराड ही अवशेष-माहितीची व्यवस्था जेंटामायसिन टोचलेल्या गाई-बैलांसाठी १८ महिने थांबायला सांगते. छापण्यातली चूक नाही, महिनेच. मांसासाठी जाणार असलेल्या जनावरात हे इंजेक्शन म्हणजे पुढची दीड वर्षं बांधून घेणं.

तिसरं, वाट बदलणं. फ्लुनिक्सिन हे दाहशामक अमेरिकी लेबलवर गाईत शिरेतून द्यायचं आहे: दुधाला ३६ तास, मांसाला ४ दिवस. शीर सापडत नाही म्हणून तेच स्नायूत ढकललं की दोन्ही आकडे रद्द. स्नायूत त्याने पेशी मरतात, शोषण लांबतं, दुधातही ते जास्त काळ येत राहतं. अवशेषाच्या केसेसमध्ये औषध चुकीचं असण्यापेक्षा वाट चुकीची असणं मला जास्त दिसतं.

टाकून द्यायचं दूध वासरांना पाजण्याबद्दलही एक वाक्य: ते वासरू कोवळं असताना मांसासाठी जाणार असेल तर अवशेष त्याच्यात गेले. जाणार नसेल तरी त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंना प्रतिरोधाची शिकवणी लागली.

लेअर_शेड

धागा दुधाचा आहे, पण अंड्यांचं यात बसतं म्हणून थोडक्यात. अंड्याचा पांढरा भाग काही तासांत तयार होतो, पिवळा बलक मात्र शेवटच्या साधारण दहा दिवसांत भरभर वाढतो. औषध बलकात शिरणारं असेल तर शेवटच्या डोसनंतर दहा-बारा दिवस अंड्यांत येतच राहतं, कारण तेव्हा घातली जाणारी अंडी त्या डोसच्या वेळी आत वाढत होती. पण म्हणून लेबलाबाहेर १० दिवस हा कायमचा आकडा धरू नका. नियम २०१९/६ मध्ये तो ‘अंड्यांसाठी मंजूर नसलेल्या औषधाला किमान’ म्हणून आहे. चरबीत साठणाऱ्या औषधांना तो पुरणार नाही.

कोंबड्यांत चूक डोसमध्ये कमी आणि खाद्यात जास्त होते. ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबड्यांच्या) खाद्यात किलोला १२५ मिलिग्रॅम निकार्बाझिन हे कॉक्सिडिओसिसवरचं औषध घातलं, त्याच मिक्सरमध्ये लगेच लेअरचं (अंड्यांच्या कोंबड्यांचं) खाद्य केलं. मिक्सर, एलिव्हेटर आणि बिनमध्ये आधीच्या खेपेचा फक्त १ टक्का उरला तरी लेअरच्या खाद्यात १.२५ मिलिग्रॅम जातं. तेवढं बलकात दिसायला पुरेसं असतं. म्हणून खाद्याचा क्रम लावा: औषधी खेप, मग मधली एक साधी खेप जी ब्रॉयलरलाच जाईल, आणि त्यानंतर लेअर. पाण्यातून औषध दिलं असेल तर टाकी धुतली तरी नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात ते राहतं. नळ्या निपलच्या टोकापर्यंत साफ केल्याशिवाय ‘डोस थांबला’ असं म्हणू नका. आणि गादीतून (शेडमध्ये अंथरलेल्या भुशातून) ते परत येतं: विष्ठेतलं निकार्बाझिन कोंबड्या पुन्हा टिपतात. गादी बदलल्याशिवाय मोजणी सुरू करू नये.

माशांना तर दिवसच नसतात, अंश-दिवस असतात, म्हणजे पाण्याचं तापमान गुणिले दिवस. ५०० अंश-दिवस म्हणजे पाणी २० अंश असेल तर २५ दिवस, १० अंश असेल तर ५०.

आणि ज्यांची वेळ मोजायचीच नसते अशी औषधं: क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान गट, मेट्रोनिडाझोल, डिमेट्रिडाझोल. युरोपच्या यादीत अन्नासाठीच्या जनावरांत ही पूर्ण बंद आहेत. नायट्रोफ्युरान शरीरातून काही तासांत नाहीसं होतं, म्हणून जुन्या काळी ते ‘स्वच्छ’ वाटायचं. प्रत्यक्षात त्याचे तुकडे प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे मांसात आणि अंड्यांत राहतात, आणि तपासणी आता त्या तुकड्यांचीच होते. क्लोरॅम्फेनिकॉलला मर्यादा नाही, कारण त्याने माणसात अस्थिमज्जा बंद पडण्याचा जो आजार होतो तो मात्रेला बांधलेला नाही. किती कमी म्हणजे सुरक्षित, हे सांगताच येत नाही.

गोठा_नोंदवही

धन्यवाद सगळ्यांना. १०८ तास आणि मग दोन धारा, असं लिहून घेतलं. दोन गोष्टी अजून. दिवसातून दोन धारा असताना तास नेमके कोणत्या धारेला संपतात? आणि आटवताना सोडलेल्या ट्यूबचं काय? गाय लेबलच्या हिशेबाआधीच व्यायली तर मोजणी व्यायल्यापासून सुरू होते की ट्यूबपासून?

कास_क्लिनिक

उदाहरण घेऊ. शेवटची ट्यूब सोमवारी सकाळी ६ ची धार काढून झाल्यावर. ७२ तास गुरुवारी सकाळी ६ ला संपतात. पण गुरुवारी ६ ला निघणारं दूध बुधवारी संध्याकाळपासून कासेत जमत आलेलं असतं, म्हणजे ते मुदतीच्या आतलंच. ते टाकायचं. टाकायच्या धारा: सोमवार संध्याकाळ, मंगळवारच्या दोन, बुधवारच्या दोन, गुरुवार सकाळ. सहा झाल्या. गुरुवार संध्याकाळची सातवी धार पहिली चांगली. तुमच्या १०८ तासांना हेच: सोमवार सकाळपासून मोजलं तर शुक्रवारी संध्याकाळची नववी धारही टाकायची, शनिवारी सकाळी पहिला नमुना घ्यायचा, संध्याकाळी दुसरा. दोन्ही निगेटिव्ह आल्यावर रविवार सकाळपासून कॅनमध्ये. दिवसातून एकदाच धार असेल तर ‘सहा धारा’ म्हणजे सहा दिवस होतात. लेबलवर तास आणि धारा दोन्ही दिले असतील तर जे उशिरा संपतं ते घ्या.

नोंद अशी असावी की तुम्ही नसताना धार काढायला आलेल्या माणसालाही विचारावं लागू नये. गाईचा नंबर, औषधाचं पूर्ण नाव टक्केवारीसह, बॅच, किती मिलि किंवा किती ट्यूब, कोणती वाट, कोणता सड किंवा मानेची कोणती बाजू, शेवटच्या डोसची तारीख आणि वेळ, दूध सुटण्याची धार, मांस सुटण्याची तारीख, कोणी दिलं. टाकायची शेवटची धार लिहा, तास नुसते लिहू नका. सकाळी पाच वाजता अंधारात १०८ ची वजाबाकी कोणी करत नाही. गाईच्या मागच्या दोन्ही पायांना लाल पट्टा, पहिल्या ट्यूबच्या आधी बांधायचा, नंतर नाही. एकाच पायाला बांधला तर दुसऱ्या बाजूने धारेला बसणाऱ्याला तो दिसत नाही. वहीत न येणारी औषधंही तिथे आणा: गर्भाशयात ठेवलेल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, जखमेवरचा स्प्रे, पाठीवर ओतायचं जंतनाशक. गर्भाशयातून औषध रक्तात आणि तिथून दुधात जातं. पाठीवर ओतलेलं शेजारची गाय चाटते आणि अवशेष तिच्यात सापडतात, जिला आपण काहीच दिलेलं नसतं.

आटवण्याच्या ट्यूब मुद्दाम महिनाभर टिकाव्यात अशा बनवलेल्या असतात, म्हणून मोजणी नेहमी ट्यूबच्या तारखेपासून. समजा लेबल म्हणतं: विण्याआधी किमान ४२ दिवस, आणि व्यायल्यावर ९६ तास दूध बंद. गाय ४२ किंवा त्याहून जास्त दिवसांनी व्यायली तर व्यायल्यानंतर ९६ तास पुरे. ती ३० व्या दिवशीच व्यायली तर ९६ तासांचा उपयोग नाही. ट्यूबपासून ४२ दिवस अधिक ९६ तास, म्हणजे ४६ दिवस पूर्ण व्हायला हवेत. ३० गेले, उरले १६. व्यायल्यानंतर सोळा दिवस तिचं दूध बाजूला, आणि सतराव्या दिवशी आधी पट्टी. आटवण्याची तारीख लिहिलेली नसेल किंवा गाय बाहेरून भाकड असतानाच आलेली असेल, तर मोजायला सुरुवातच नाही. अशा गाईचं दूध चीक संपल्यावरही पट्टी लागोपाठ निगेटिव्ह येईपर्यंत वेगळ्या बादलीत.